डेनिस रिची : अधिकार उसना देणारा एक बिट आणि तो परत करण्याची अवघड गोष्ट

ऑक्टोबर २०११. स्टीव्ह जॉब्स यांच्या निधनाने जगभर हळहळ व्यक्त होत होती. त्याच आठवड्यानंतर, १२ ऑक्टोबरला, अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये एकटे राहणारे एक सत्तर वर्षांचे गृहस्थ आपल्या घरी मृतावस्थेत आढळले. ही बातमी फारशी गाजली नाही. पण आयफोन असो, अँड्रॉइड असो की इंटरनेटचे सर्व्हर, सगळ्यांच्या मुळाशी या माणसाचं काम आहे. त्यांचं नाव डेनिस रिची.

बेल लॅब्समधला मुलगा

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिल इथे झाला. वडील अ‍ॅलिस्टेअर रिची हे बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ होते. डेनिस यांनी हार्वर्डमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. पुढे तिथेच पीएचडीसाठी प्रबंधही लिहिला, पण पदवी मात्र कधी घेतली नाही. १९६७ मध्ये तेही बेल लॅब्समध्ये रुजू झाले.

तिथे ‘मल्टिक्स’ नावाची मोठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवण्याचा प्रकल्प चालू होता. १९६९ मध्ये बेल लॅब्सने त्यातून अंग काढून घेतलं. मग केन थॉम्पसन यांनी एका छोट्या, जुन्या यंत्रावर नवी सिस्टीम उभी केली आणि रिची त्यांच्या जोडीला आले. हीच युनिक्स. तिच्यासाठी रिची यांनी ‘सी’ भाषा तयार केली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा याच भाषेत नव्याने लिहिला गेला. या कामासाठी दोघांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

एका बिटचं पेटंट

सी आणि युनिक्समुळे रिची यांचं नाव झालं. त्यांची तिसरी कल्पना मात्र कमी लोकांना माहीत आहे.

एकाच कॉम्प्युटरवर अनेक जण काम करत. प्रत्येकाला आपला पासवर्ड बदलता यायला हवा. पण पासवर्डची फाइल सगळ्यांसाठी मिळून एकच, आणि तिच्यात लिहिण्याचा हक्क फक्त ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याला. मग सामान्य माणसाने करायचं काय?

सातबाऱ्यावर आपण आपल्या हाताने काही लिहू शकत नाही. अर्ज दिला की अधिकार असलेला माणूस नियमाप्रमाणे तेवढीच नोंद करतो. रिची यांनी हेच प्रोग्रॅमच्या बाबतीत केलं. फाइलच्या माहितीत त्यांनी एक बिट ठेवला. तो चालू असेल, तर प्रोग्रॅम कोणीही चालवला तरी तो फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. याला ‘सेट-यूआयडी’ म्हणतात. १९७३ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, १९७९ मध्ये ते मिळालं आणि पुढे ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं.

यातच धोकाही होता. रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक चूक राहिली, तरी हल्लेखोराच्या हाती सगळी यंत्रणा जाते. म्हणून नियम रूढ झाला : काम झालं की अधिकार लगेच सोडायचा.

सोडला असं वाटलं, पण सुटला नाही

अधिकार सोडणं दिसतं तितकं सोपं नाही. २००० साली लिनक्सच्या गाभ्यातल्या एका दोषामुळे ‘सेंडमेल’ या ईमेल प्रोग्रॅमची फसगत झाली. त्याने अधिकार सोडला, सगळं ठीक झाल्याचं उत्तरही मिळालं, पण रूटकडे परतायची वाट उघडीच राहिली होती.

थ्रेड आले आणि गुंता वाढला. सुरुवातीच्या युनिक्समध्ये एक प्रोसेस एका वेळी एकच काम करी, त्यामुळे तिची ओळखही एकच असे. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी अनेक कामं. एका खोलीत अनेक कारकून बसावेत आणि सगळ्यांचं कपाट एकच असावं, तसं. या थ्रेडची मेमरी सामाईक असते.

लिनक्सचा गाभा मात्र प्रत्येक थ्रेडची ओळख वेगळी ठेवतो. त्यामुळे थेट गाभ्याला सांगून एका थ्रेडने अधिकार सोडला, तरी बाकीचे रूटच राहतात. हल्लेखोर त्या दुबळ्या थ्रेडमध्ये शिरला, तर सामाईक मेमरीत फेरफार करून शेजारच्या रूट थ्रेडकडून हवं ते करून घेऊ शकतो. म्हणजे अधिकार सोडून उपयोग शून्य.

यावर लिनक्सच्या सी लायब्ररीने तोड काढली. एका थ्रेडने ओळख बदलली की लायब्ररी बाकीच्यांना सिग्नल पाठवते आणि प्रत्येकाला तोच बदल करायला लावते. तरीही सगळे थ्रेड नेमक्या एकाच क्षणी बदलत नाहीत. मधल्या वेळेत काही जण रूट असतात, काही नसतात.

म्हणून सुरक्षित रीत अशी : थ्रेड सुरू करण्याआधीच अधिकार सोडायचा. आधी गटांचे अधिकार, शेवटी वापरकर्त्याचा. कारण रूटपण गेल्यावर गट बदलता येत नाहीत. प्रत्येक पायरीचं उत्तर तपासायचं आणि शेवटी रूटकडे खरंच परतता येत नाही ना, हेही पाहायचं.

जोडीदाराच्या भाषेतही तोच प्रश्न

रिची २००७ मध्ये निवृत्त झाले. थॉम्पसन पुढे गूगलमध्ये ‘गो’ भाषेच्या निर्मात्यांपैकी एक झाले. गोमध्ये काम एका थ्रेडवरून दुसऱ्यावर आपोआप सरकतं, त्यामुळे कोणत्या थ्रेडची ओळख बदलली याचा भरवसाच नव्हता. म्हणून अनेक वर्षं लिनक्सवर ही सोय मागितली की गो सरळ नकार देई. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या १.१६ आवृत्तीत सगळ्या थ्रेडची ओळख एकत्र बदलण्याची व्यवस्था झाली.

तेव्हा रिची यांना जाऊन नऊ वर्षं उलटली होती. त्यांचा तो बिट आजही लिनक्सवर पासवर्ड बदलताना काम करतो. अधिकार उसना देण्याची युक्ती एका बिटमध्ये मावली. तो पुरता परत घेण्यासाठी मात्र पुढच्या पिढ्यांना अजून डोळ्यांत तेल घालून जागावं लागतं.