जंगल वाचणारा शिकारी

१९०७ साल. कुमाऊंच्या डोंगराळ मुलखात चंपावतजवळ एक वाघीण मारली गेली. नेपाळमध्ये सुमारे २०० आणि कुमाऊंमध्ये २३६, असे ४३६ बळी तिच्या नावावर होते. तिला टिपणाऱ्या शिकाऱ्याने जवळ जाऊन तिचे दात तपासले. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे असे दोन्ही सुळे तुटलेले होते. वरचा अर्ध्यावर, तर खालचा थेट हाडापर्यंत. जखम जुनी होती आणि ती बंदुकीच्या गोळीची होती. सुळ्यांशिवाय नेहमीची शिकार पकडणे तिला जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष त्याने काढला. म्हणजे या नरभक्षक वाघिणीची कहाणी माणसाच्याच एका चुकलेल्या नेमापासून सुरू झाली होती. हा शिकारी म्हणजे जिम कॉर्बेट.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथे पोस्टमास्तर होते. जिम सहा वर्षांचे होण्याआधीच ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर आला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा घरचा शिरस्ता होता. कालाढुंगीचे जंगल हीच जिम यांची खरी शाळा. मोठा भाऊ टॉम त्यांना अस्वलाच्या शिकारीला घेऊन गेला आणि रानात एकटे बसवून पुढे निघून गेला. त्या दिवशी पोटात उठलेला भीतीचा गोळा ते आयुष्यभर विसरले नाहीत. पण ती भीती त्यांनी वाया घालवली नाही. कोणता पक्षी कशाला घाबरून ओरडतो, वाळूतला ठसा ताजा की शिळा, हे ते शिकत गेले.

पुढे नोकरी लागली ती रेल्वेत. बिहारमधील मोकामा घाटावर गंगेच्या काठी माल चढवण्या-उतरवण्याचे कंत्राट त्यांनी वीसहून अधिक वर्षे सांभाळले. नरभक्षकांची शिकार हा त्यांचा पोटाचा धंदा कधीच नव्हता. चंपावतच्या मोहिमेआधी तर त्यांनी सरकारला अटी घातल्या होत्या: वाघिणीवरचे इनाम रद्द करा आणि बाकीचे शिकारी परत बोलवा. इनामासाठी शिकार करणारा म्हणून ओळखले जाणे त्यांना नको होते आणि कुणाच्या तरी भरकटलेल्या गोळीने मरायचेही नव्हते.

याच मोहिमेत एका चांदण्या रात्री ते पाली गावाबाहेर रस्त्यालगतच्या झाडाखाली पहारा देत बसले. सावल्या हलत होत्या आणि प्रत्येक सावलीत वाघीण दिसत होती. रात्रभर भीतीने दात वाजत होते, अशी कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली. त्या भागातले लोक दिवसाढवळ्याही घराबाहेर पडत नव्हते. उभी पिके शेतातच राहिली होती.

कॉर्बेट यांचे वेगळेपण या भीतीचा अभ्यास करण्यात आहे. त्यांचे पहिले निरीक्षण वेळेचे होते. वाघ नरभक्षक झाला की त्याची माणसाबद्दलची भीड चेपते आणि तो दिवसा हल्ला करतो. बिबट्याची मात्र ती भीती जात नाही, म्हणून तो रात्री येतो. दुसरे निरीक्षण वाऱ्याचे. आपला वास भक्ष्याला लागू नये म्हणून वाघ वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूने येतो. माणसाचे नाक किती अधू आहे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून माणसाच्या मागावरही तो हाच नियम पाळतो. वारा समोरून येत असेल तर धोका पाठीमागे असतो. त्यामुळे कॉर्बेट सरळ वाऱ्याच्या तोंडावर न जाता नागमोडी चालत. धोका मग डाव्या किंवा उजव्या बाजूला राही, जिथे नजर पोचू शकते.

तिसरी गोष्ट आवाजांची. चितळ, सांबर, भेकर आणि वानर हे जंगलाचे पहारेकरी आहेत. वाघ-बिबट्याची चाहूल लागताच त्यांच्या हाका सुरू होतात. कॉर्बेट या हाकांवरून श्वापद कुठे आहे आणि कोणत्या दिशेने निघाले आहे, याचा अंदाज बांधत. दुसऱ्या महायुद्धात, साठी उलटून गेल्यावर, हीच विद्या त्यांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना शिकवली.

रुद्रप्रयागच्या बिबट्याची कथा तर आरोग्याच्या इतिहासातही मोडते. १९१८मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत गढवालमध्ये इतकी माणसे गेली, की रीतसर दहन करणे अशक्य झाले. मृताच्या तोंडात निखारा ठेवून देह दरीत लोटले जाऊ लागले. बिबट्या मेलेले मांसही खातो. साथ ओसरल्यावर हे आयते अन्न संपले आणि माणसाच्या मांसाला सोकावलेला बिबट्या जिवंत माणसांकडे वळला, असे कॉर्बेट यांचे म्हणणे होते. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर आठ वर्षांत त्याने १२५ बळी घेतल्याची सरकारी नोंद आहे. सूर्य मावळला की घरांना कड्या लागत, तरी तो दार फोडून आत शिरे. पुलाच्या मनोऱ्यावर वीस रात्री बसूनही तो कॉर्बेट यांच्या हाती लागला नव्हता. अखेर मे १९२६मध्ये गुलाबराय येथे त्यांनी त्याला मारले, तेव्हा समोर पडला होता झिजलेल्या दातांचा एक म्हातारा नर.

मुक्तेश्वरच्या वाघिणीने साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गमावला होता आणि पुढच्या पायात जवळपास पन्नास काटे रुतले होते. अशा एकेका तपासणीतून कॉर्बेट यांचे मत पक्के होत गेले: धडधाकट वाघ सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. बछडी सोबत असताना किंवा शिकारीवर बसलेला असताना तो गुरगुरतो, खोटी चाल करून येतो. ही सूचना ओळखून जो शांतपणे, पाठ न दाखवता मागे सरतो, त्याला तो बहुधा जाऊ देतो. हे पटल्यावर त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त दिसू लागला. १९३६मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान उभे राहिले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

त्यांची निरीक्षणे आजही उपयोगाची आहेत. वाघ पाठीमागून येतो हे ध्यानात घेऊन १९८०च्या दशकात सुंदरबनात मध गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागे मुखवटे लावायला दिले गेले. चंद्रपूरच्या जंगलात मोहफुले वेचणारी किंवा तेंदूपाने तोडणारी माणसे वाकून काम करतात. वाकलेले माणूस लांबून चार पायांच्या जनावरासारखे दिसते. गटाने जाणे, आपसात बोलत राहणे, एकाने उभे राहून लक्ष ठेवणे आणि पहाटेचा अंधार टाळणे हे म्हणूनच महत्त्वाचे. बोलण्याचा आवाज अस्वलासाठीही लागू पडतो. अस्वल बहुतेक वेळा अचानक समोरासमोर आल्यामुळेच अंगावर येते. आणि जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात मेलेली जनावरे, कोंबड्यांचा कचरा गावाजवळ उघड्यावर टाकला, तर आधी कुत्री येतात आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या.

१९४७मध्ये कॉर्बेट बहीण मॅगी यांच्यासह केनियाला गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही काळातच हेली उद्यानाला त्यांचे नाव मिळाले. १९७३मध्ये देशातील व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तोही तिथूनच.