मन शांत करण्यासाठी घर सोडलेला माणूस : धर्मानंद कोसंबी



दरवर्षी आपल्या कौंडण्यपुरातून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते. टाळमृदंगाचा आवाज वस्तीपर्यंत येतो आणि नव्याने बौद्ध झालेल्या घरात एक प्रश्न उठतो. देव्हारा काढला, नवस सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. पण रात्री लेकरू तापाने फणफणले, मन घाबरे झाले, तर आधार कशाचा घ्यावा? काही जण गुपचूप भगताकडे जातात. काही जण ध्यानाचे नाव काढताच म्हणतात, हा तर बैराग्यांचा उद्योग, आपल्याला काय त्याचे? या दोघांनीही धर्मानंद कोसंबींचे चरित्र अवश्य समजून घ्यावे. वर्धा नदीच्या पलीकडच्या जिल्ह्यात, सेवाग्रामला, त्यांनी देह ठेवला.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. जन्माने ते सारस्वत ब्राह्मण. लहानपणी लग्न झाले. शिक्षण फारसे नाही, प्रकृती नाजूक आणि मन सदा उदास. नारळाच्या बागेची राखण करीत असताना मुलांच्या एका मासिकात त्यांनी बुद्धाची हकीकत वाचली आणि त्यांच्या मनाने ठाव घेतला. ज्याने स्वतःचे मन जिंकले, त्याचा मार्ग मुळापासून शिकायचा, असा निश्चय करून १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले.

पुणे, ग्वाल्हेर, काशी अशी पायपीट झाली. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. पण बुद्धाचा धम्म त्यांना तिथे सापडला नाही. ज्या देशात बुद्धांनी धम्म सांगितला त्या देशात त्यांची वाणी शिकवणारा कोणी उरला नव्हता! नेपाळ, बुद्धगया करीत ते १९०२ साली सिंहलद्वीपाला पोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे श्रामणेर होऊन पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन भिक्खू झाले आणि एकांतात ध्यानाचा अभ्यास केला.

आता नीट लक्ष द्या. मन शांत झाले म्हणून हा माणूस अरण्यात बसून राहिला नाही. १९०६ मध्ये तो स्वदेशी परतला, चीवर उतरवून पुन्हा संसारात आला आणि मिळालेले वाटू लागला. कलकत्त्याची नोकरी सोडून सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य त्यांनी पत्करले; कारण त्यामुळे महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता येणार होते. १९१२ पासून सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अनेकदा बोलावून घेतले. ज्या वुड्स नावाच्या प्राध्यापकांमुळे ते प्रथम तिकडे गेले, त्यांनीच पुढे पतंजलीच्या योगसूत्रांचे इंग्रजी भाषांतर केले. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना त्या योगसूत्रांतही आहेत. तेव्हा चित्त स्थिर करण्याची विद्या कोणा एका जातीची मालमत्ता नाही.

हार्वर्डमध्ये कोसंबींनी ज्या ग्रंथावर श्रम घेतले तो बुद्धघोषांचा विसुद्धिमग्ग. त्यात क्रम आहे तो शील, समाधी, प्रज्ञा असा. ध्यानाचे चाळीस विषय सांगितले आहेत, पण पहिली पायरी शीलाचीच. दारू पिऊन, घरात मारझोड करून डोळे मिटले, तर मन कसे निवळणार? मैत्रीभावना तिथे अशी शिकवली आहे : आधी स्वतःचे कल्याण चिंतावे, मग आदरणीयाचे, मग प्रिय माणसाचे, मग तटस्थाचे आणि शेवटी वैऱ्याचे.

तुम्ही विचाराल, पाणवठ्यावर अडवणाऱ्याचेही कल्याण चिंतायचे? होय; पण पाण्यावरचा हक्क सोडायचा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपल्या लोकांची डोकी फुटली, तरी बाबासाहेबांनी त्यांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. तो भेकडपणा नव्हता. रागाच्या हाती लगाम न देणारे ते मन होते.

कोसंबींनी १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला. ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ लिहिताना म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा त्यांनी तपासून नाकारली; शाक्य-कोलियांच्या भांडणाकडे बोट दाखवले. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात त्या भांडणालाच महत्त्व दिले. शांत मन डोळस असते, ते असे.

त्यांचे सगळेच घेण्यासारखे आहे असे नाही. तरुण पत्नीला मागे टाकून ते निघाले. तिने काय सोसले असेल, हे आपल्या माताभगिनींना सांगायला नको. अखेरीस शरीर व्याधीने थकले, तेव्हा अन्न वर्ज्य करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी सेवाग्रामला देह ठेवला. मध्यम मार्गाने चालणाऱ्या आपल्याला तो शेवट अनुकरणीय नव्हे.

आपल्याला घर सोडायचे नाही. अष्टांग मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे आणि त्यातले आठवे अंग सम्यक समाधी आहे. संध्याकाळी कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेपुढे लेकरांसह पंचशील म्हणा. मग थोडा वेळ गप्प बसून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्या. मन पळाले तर रागावू नका, परत आणा. लेकरू आजारी पडले तर त्याला डॉक्टरकडेच न्यायचे आहे. पण मध्यरात्री भगताच्या दारावरून पुढे जायला पाय खंबीर लागतात, आणि पायांना खंबीर करते ते मन.

जय भीम!