दिव्याच्या उजेडातली नोंदवही

जखमी सैनिकांच्या खाटांमधून हाती दिवा घेऊन फिरणारी परिचारिका, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र शाळेच्या पुस्तकापासून आपल्या परिचयाचे आहे. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. मात्र रुग्णालयातील प्रत्येक आजाराला आणि प्रत्येक शस्त्रक्रियेला सर्वत्र एकच नाव असावे, तिचा निकाल एकाच पद्धतीने नोंदला जावा, यासाठी त्यांनी दिलेला लढा फारसा कोणाला ठाऊक नाही. तो लढा त्या काळी त्या जवळजवळ हरल्या होत्या. आज मात्र जगातील रुग्णालयांचा कारभार त्याच वाटेने चालतो.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला आणि त्या शहराचेच नाव त्यांना मिळाले. घराणे सधन इंग्रज. वडील विल्यम नाइटिंगेल यांनी आपल्या दोन्ही मुलींना इतिहास, तत्त्वज्ञान, ग्रीक आणि लॅटिन स्वतः शिकवले. फ्लॉरेन्स यांचा ओढा गणिताकडे होता. खानदानी मुलीने मेजवान्यांना जावे, योग्य स्थळ पाहून लग्न करावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. रुग्णसेवा हा त्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रीचा व्यवसाय मानला जात नसे. अनेक वर्षे घरच्या विरोधाशी झगडल्यावर १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे त्यांना काही महिने शिक्षण घेता आले. १८५३ मध्ये लंडनमधील हार्ले स्ट्रीटवरील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांसह त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. तेथील बराकीचे रुग्णालय म्हणजे नरक होता. खाली तुंबलेली गटारे, वर खेटून टाकलेली अंथरुणे. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ जण दगावत होते. मार्चमध्ये लंडनहून आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरामागे दोनाच्या आसपास आले.

या हाहाकारात नाइटिंगेल यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. तिथे नेमकी किती माणसे मेली, हे कोणालाच सांगता येत नव्हते. मृत्यूच्या नोंदी वेगवेगळ्या वह्यांत वेगवेगळ्या हातांनी होत आणि त्यांची बेरीज जुळत नसे. एका रुग्णालयात एका आजाराला जे नाव, ते शेजारच्या रुग्णालयात नसे. ज्या सैन्याला आपल्या मेलेल्या माणसांची मोजदाद करता येत नाही, त्याला जिवंत माणसे वाचवता कशी येणार, हा प्रश्न त्यांनी मनाशी घट्ट धरला.

१८५६ मध्ये त्या मायदेशी परतल्या तेव्हा प्रसिद्धीच्या शिखरावर होत्या. सत्कार, मिरवणुका त्यांनी टाळल्या. त्याच वर्षी त्यांची गाठ विल्यम फार यांच्याशी पडली. श्रॉपशायरमधील गरीब शेतमजुराच्या घरी जन्मलेले फार हे जन्ममृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात संख्याशास्त्राचे काम पाहत. इंग्लंडमध्ये १८३७ पासून मृत्यूची नोंद होऊ लागली होती. परंतु एकाच रोगाला तीन-चार नावे, आणि एकाच नावाखाली अनेक रोग, असा गोंधळ होता. तो निस्तरण्यासाठी फार यांनी वर्षानुवर्षे खपून रोगांचे वर्गीकरण रचले. १८५३ च्या ब्रसेल्स येथील आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने त्यांच्यावर आणि जिनिव्हाचे डॉक्टर मार्क देस्पीन यांच्यावर सर्व देशांना चालेल अशी मृत्यूकारणांची यादी करण्याचे काम सोपवले. दोघांच्या पद्धती मुळातच वेगळ्या होत्या. अखेर १८५५ मध्ये पॅरिसच्या परिषदेत तडजोड होऊन १३९ नावांची यादी संमत झाली.

नाइटिंगेल आणि फार यांची जोडी जमली ती कायमची. सैन्याच्या आरोग्याविषयी १८५७ मध्ये नेमलेल्या शाही आयोगासाठी दोघांनी आकड्यांचे डोंगर उपसले. रणांगणावरील जखमांपेक्षा कितीतरी अधिक सैनिक टाळता येण्याजोग्या रोगांनी गेले, हे त्यांतून सिद्ध झाले. शांततेच्या काळातही बराकीतील तरुण सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळपास दुप्पट होता. मंत्र्यांना कोष्टके वाचण्याचा कंटाळा, हे ओळखून नाइटिंगेल यांनी पाकळ्यांच्या आकाराचे रंगीत आलेख काढले. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. याच सुमारास त्यांची प्रकृती ढासळली. पुढची कित्येक वर्षे त्यांनी बहुतांश काम खोलीत, अंथरुणाला खिळून केले.

सैन्यानंतर त्यांचे लक्ष नागरी रुग्णालयांकडे वळले. लंडनमधील प्रत्येक मोठ्या रुग्णालयाची नोंद ठेवण्याची रीत वेगळी होती. काही ठिकाणी ती जवळजवळ नव्हतीच. कोणते रुग्णालय रुग्ण बरे करते आणि कोणते त्यांना मारते, याची तुलनाच शक्य नव्हती. फार यांच्या वर्गीकरणाचा आधार घेऊन नाइटिंगेल यांनी नमुना तक्ते तयार केले. प्रत्येक रोगासमोर, वय आणि लिंगानुसार, सात गोष्टी भरायच्या होत्या : वर्षारंभी असलेले रुग्ण, नव्याने दाखल झालेले, बरे झालेले किंवा आराम पडलेले, बरे न होताच गेलेले, मरण पावलेले, वर्षअखेर उरलेले आणि रुग्णालयातील सरासरी मुक्काम. जुलै १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे ही योजना ठेवण्यात आली. प्रकृतीमुळे त्या स्वतः सभेत येऊ शकल्या नाहीत. त्यांचे म्हणणे इतरांनी वाचून दाखवले. परिषदेने योजना उचलून धरली. १८६१ मध्ये लंडनच्या प्रमुख रुग्णालयांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन एकसारखी नोंद ठेवण्याचे मान्य केले आणि पुढच्या वर्षी त्यांची पहिली आकडेवारी प्रसिद्धही झाली.

कागदावर सोपी वाटणारी ही पद्धत वॉर्डात उतरवताना मात्र घाम फुटला. आजवर आपल्या मनाने रोगाचे नाव लिहिणाऱ्या डॉक्टरला आता यादीतील नाव शोधावे लागे. यादीतील गटांवरच अनेकांचा आक्षेप होता. साथीच्या रोगांना फार यांनी ‘झायमॉटिक’ म्हटले होते. शरीरात पीठ आंबावे तशी काही क्रिया होऊन ते पसरतात, अशी ती कल्पना होती. ती पटत नसलेल्या डॉक्टरांना रकाने भरणे म्हणजे परक्याचे मत आपल्या सहीने मान्य करण्यासारखे वाटे. शिवाय हे तक्ते भरायला कारकून हवे, वेळ हवा, पैसा हवा. धर्मादाय देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांना तो खर्च जड झाला. काही वर्षांतच एकेका रुग्णालयाने माघार घेतली आणि योजना विरून गेली.

तरीही त्यांनी पुढचे पाऊल टाकले होते, तेही सर्वांत नाजूक जागी. १८६३ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या सांख्यिकी परिषदेसाठी त्यांनी शस्त्रक्रियांच्या नोंदीची योजना मांडली आणि त्याच वर्षीच्या ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ या आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत तिला जागा दिली. कोणती शस्त्रक्रिया, रुग्णाचे वय व लिंग, ती अपघातामुळे करावी लागली की आजारामुळे, नंतर कोणती गुंतागुंत झाली आणि मृत्यू आला तर कशाने, हे सारे नोंदवायचे होते. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे युग अजून यायचे होते. पाय कापल्यावर रुग्ण जखमेने गेला की रुग्णालयातच जडलेल्या रक्तदोषाने, हा भेद नोंदीत नसेल तर दोष शल्यविशारदाचा की इमारतीचा, हे कळणार कसे, असा त्यांचा सवाल होता. त्याचे उत्तर अनेकांना अडचणीचे ठरणार होते.

आकड्यांचा आग्रह धरणाऱ्या नाइटिंगेल यांना आकड्यांनीच एकदा अडचणीत आणले, हेही सांगितले पाहिजे. याच १८६३ च्या आवृत्तीत त्यांनी फार यांच्या कार्यालयाचे एक कोष्टक वापरले. त्यानुसार लंडनच्या २४ रुग्णालयांत १८६१ साली मृत्यूचे प्रमाण शंभरामागे ९० हून अधिक होते. वैद्यकीय नियतकालिकांत टीकेची झोड उठली. वर्षभरातील मृत्यूंना एका ठरावीक दिवशी दाखल असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. एका खाटेवर वर्षभरात दहा रुग्ण आले आणि त्यांतील एक दगावला, तर दाखल झालेल्यांच्या हिशेबाने मृत्यू शंभरामागे दहा. पण खाटेच्या हिशेबाने शंभरामागे शंभर. शहरातील रुग्णालयांत गंभीर रुग्ण अधिक येतात आणि खाटा भराभर बदलतात, हे टीकाकारांनी दाखवून दिले. रुग्णालयांतील गर्दी घातक आहे, हा नाइटिंगेल यांचा मूळ मुद्दा त्यामुळे खोटा ठरला नाही. परंतु ते कोष्टक त्याचा पुरावा नव्हते. नाव एक असले तरी कशाला कशाने भागायचे यावर एकमत हवे, हा धडा या वादाने सर्वांनाच दिला.

त्याच वर्षांत त्यांच्या टेबलावर हिंदुस्थानही होता. येथील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या शाही आयोगासाठी त्यांनी प्रश्नांचे छापील तक्ते तयार केले. मुंबई इलाख्यातील पुणे, खडकी यांसह देशभरच्या छावण्यांकडे ते धाडले गेले. पाणी कुठून येते, गटारे कुठे जातात, बराकीत माणशी जागा किती, याची उत्तरे लंडनला आली. १८६३ च्या अहवालाने या सैन्याचा मृत्युदर हजारी ६९ असल्याचे उघड केले. दहा वर्षांनी तो हजारी १८ पर्यंत उतरल्याचे त्यांनी समाधानाने नमूद केले. पुढे त्यांचे लक्ष खेड्यांतील रयतेकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. हिंदुस्थानात मात्र त्या कधीच आल्या नाहीत. ऑक्सफर्ड विद्यापीठात उपयोजित संख्याशास्त्राचे अध्यासन व्हावे, यासाठी १८९१ मध्ये त्यांनी फ्रान्सिस गॉल्टन यांच्यासह केलेला प्रयत्नही फळाला आला नाही.

दरम्यान त्यांनी व फार यांनी पेरलेले बी उगवत होते. १८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी शिकागो येथे मृत्यूकारणांची नवी यादी मांडली आणि १९०० मध्ये पॅरिसला २६ देशांनी तिची सुधारित आवृत्ती विचारात घेतली. १९४८ पासून ही जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. शस्त्रक्रियांच्या नोंदीचे स्वप्न साकार व्हायला याहून अधिक काळ लागला. अमेरिकेतील रुग्णालयांनी १ ऑक्टोबर २०१५ रोजी जुनी पद्धत सोडली, तेव्हा आंतररुग्ण शस्त्रक्रियांचे सुमारे चार हजार संकेतांक ७० हजारांच्या वर गेले. नव्या संकेतांकाला सात स्थाने असतात. त्यांत शरीराची कोणती संस्था, कोणता अवयव, काय केले, कोणत्या मार्गाने केले, आत काही बसवले का, हे सारे सांगावे लागते. अवयवाचा भाग काढला तर ‘एक्सिजन’, संपूर्ण अवयव काढला तर ‘रिसेक्शन’. शल्यविशारदाने टिपणात कोणताही शब्द वापरला असला, तरी प्रत्यक्ष काय केले ते ओळखून संकेतांक द्यायचा असतो. मुरलेल्या संकेतकारांनाही त्यासाठी शरीररचनाशास्त्र नव्याने गिरवावे लागले. अमेरिकी रुग्णालयांसाठी भारतात बसून हे काम करणाऱ्यांचीही त्यातून सुटका नव्हती. खर्च, वेळ, डॉक्टरांची नाराजी, या तक्रारी १८६० च्या दशकातील लंडनच्या वॉर्डांना नवख्या वाटल्या नसत्या.

१९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळवणाऱ्या नाइटिंगेल पहिल्या स्त्री ठरल्या. तोवर त्यांची दृष्टी गेली होती. ज्या कोष्टकांनी त्यांनी मंत्र्यांना नमवले, ती त्यांना वाचता येत नव्हती. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव नातेवाईकांनी नाकारला आणि हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या गावच्या चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ त्यांना निरोप देण्यात आला. थडग्यावर त्यांच्यासाठी कोरली आहेत ती केवळ नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा. नोंद छोटी आहे, पण अचूक आहे.