डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कोकणातील खोती

इंग्लंडच्या पार्लमेंटने १६०४ ते १९१४ या काळात पाच हजारांहून अधिक कायदे करून गावोगावच्या सामाईक शेतांना व कुरणांना कुंपणे घातली. गुरे चारण्याचा, सरपण गोळा करण्याचा रूढीने चालत आलेला हक्क लेखी मालकीपुढे टिकला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात अशी कुंपणे पडली नाहीत. पण कसणारा एक आणि कागदावरचा हक्कदार दुसरा, ही स्थिती येथेही होती. तिचे नाव खोती.

खोत हा गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. १८८० च्या खोती कायद्याने काही कुळांच्या कायम वहिवाटीची नोंद घेतली, तसेच खोताच्या वंशपरंपरागत हक्कांनाही मान्यता दिली. पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा, म्हणजे अर्धेल वा तिर्धेल, कुळाने खोताला द्यावा आणि वर वेठही करावी, अशी रीत होती.

डॉ. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला असला, तरी त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. बालपणीचा काही काळ दापोलीत गेला. पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्र व कायदा यांचे अध्ययन करून ते बॅरिस्टर झाले. ज्या इंग्रजी कायदेपद्धतीने खोताचे हक्क बळकट केले होते, तिचेच साधन त्यांनी कुळांसाठी हाती घेतले.

१९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा संप सुरू केला. त्यास आंबेडकरांनी पाठिंबा दिला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सरकार व कसणारा यांचा थेट संबंध जोडावा, खोताला वाजवी भरपाई द्यावी, हे त्याचे सूत्र. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत आले. तरीही ते विधेयक संमत झाले नाही.

खोती संपवणारा कायदा झाला तो १९४९ मध्ये. ६ डिसेंबर १९५६ रोजी आंबेडकरांचे निधन झाले, तेव्हा कोकणातील कुळांचे सारे प्रश्न सुटले नव्हते. पण खोत हा मध्यस्थ कायद्याने दूर झाला होता. आपल्या गावच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे आणि ती जमीन कोण कसते, हे एकदा पडताळून पाहा. या चरित्राचे महत्त्व तेथे अधिक स्पष्ट होईल.