दगडांचं वजन करणारा माणूस

ट्रान्सपोर्टेशनच्या ओरलला एक प्रश्न हमखास येतो. डब्ल्यूबीएम म्हणजे काय? आपण छातीठोकपणे वॉटर बाउंड मॅकॅडम असं सांगून मोकळे होतो. मग एक्स्टर्नल शांतपणे पुढचा प्रश्न टाकतो, की यातला मॅकॅडम म्हणजे काय? इथे निम्मी बॅच पंख्याकडे बघायला लागते. कुणी खडीचा प्रकार सांगतो, कुणी डांबराचा. मित्रांनो, मॅकॅडम हा एक माणूस होता. हाडामांसाचा, हट्टी, व्यापारात हात पोळलेला, आणि ज्या वयात आपल्याकडे लोक रिटायरमेंटचे फॉर्म भरतात त्या वयात खऱ्या कामाला लागलेला.

जॉन लाऊडन मॅकॅडम याचा जन्म 21 सप्टेंबर 1756 रोजी स्कॉटलंडमधल्या एअर या गावी झाला. घराणं नावाजलेलं, पण पैशाच्या बाबतीत उतरती कळा लागलेलं. दहा भावंडांत हा शेंडेफळ. तो लहान असतानाच राहतं घर आगीत जळालं. 1770 मध्ये वडील गेले आणि या चौदा वर्षांच्या पोराची रवानगी अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कला, व्यापारी काकांकडे झाली. तिथे तो व्यापार शिकला, पैसाही बऱ्यापैकी कमावला. पण अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा तो इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा निघाला. बाजू हरली. 1783 मध्ये तो स्कॉटलंडला परतला तेव्हा मालमत्तेचा बराच भाग तिकडेच गमावून बसला होता.

उरलेल्या पैशांतून त्याने एअरशायरमध्ये जमीनजुमला घेतला आणि गावचा प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून स्थानिक रस्त्यांच्या ट्रस्टवर त्याची नेमणूक झाली. रस्त्यांशी त्याची गाठ पडली ती अशी, इंजिनिअर म्हणून नाही, तर कमिटी मेंबर म्हणून! याच काळात त्याने दगडी कोळशापासून डांबर काढण्याच्या धंद्यातही पैसे घातले. धंदा काही बरकतीला आला नाही. गंमत म्हणजे पुढे ज्या रस्त्यांमुळे त्याचं नाव झालं, त्यात त्याने डांबराचा एक थेंबही वापरला नाही. खडी आणि डांबर एकत्र करून टारमॅकचं पेटंट घेतलं गेलं ते 1902 मध्ये, एडगर हूली या दुसऱ्याच इंजिनिअरकडून.

आता त्या वेळचे इंग्लंडचे रस्ते कसे होते ते बघू, कारण त्याशिवाय या माणसाने काय केलं ते कळणार नाही. मुख्य रस्ते टर्नपाईक ट्रस्टकडे असायचे. म्हणजे आजच्या भाषेत टोलचे रस्ते. नाक्यावर पैसे भरा, पुढे जा. पण पावसाळी हवेत रस्त्यांचा चिखल व्हायचा, आणि त्यातून चार चाकांची, सहा-आठ घोड्यांची मालगाडी गेली की गुडघाभर चाकोऱ्या पडायच्या. आपल्या ट्रकचे हे पणजोबा!

यावर सरकारचा उपाय ठरलेला होता. रस्ता खराब होतो ना, मग गाडीला शिक्षा करा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला राजा पहिल्या जेम्सने चारचाकी मालगाड्यांवर आणि एक टनावरच्या ओझ्यावर बंदी घातली होती. 1741 च्या कायद्याने नाक्यांवर वजनकाटे बसवायला परवानगी मिळाली आणि साधारण 3 टनांच्या वर जितके हंड्रेडवेट, म्हणजे पन्नासेक किलोंचे वाढे, तितके पाउंड दंड सुरू झाला. मग 1753 मध्ये रुंद चाकांचा कायदा आला. अवजड गाडीच्या चाकाची धाव 9 इंच रुंद हवी, म्हणजे चाक रोलरसारखं फिरेल आणि रस्ता आपोआप दाबला जाईल, अशी कल्पना. पुढे तर चाकाच्या रुंदीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे वजनाची कोष्टकं आली. उन्हाळ्यात जास्त ओझं, हिवाळ्यात कमी.

कागदावर सगळं छान. पण गाडीवाले कायद्याच्या दोन पावलं पुढे! त्यांनी धाव रुंद तर केली, पण चाक शंकूसारखं उतरतं किंवा मध्ये फुगीर बनवलं. कायद्याला 9 इंच दिसायचे, जमिनीला प्रत्यक्षात अरुंद पट्टीच टेकायची. शंकूसारखं चाक सरळ चालताना घसटत जातं, त्यामुळे दगडांचं पीठ व्हायचं ते वेगळंच. वजनकाट्याची तऱ्हा अशीच. नाके लिलावाने ठेक्यावर दिलेले. ज्याला जादा वजनातून पैसे मिळणार, त्याने जादा वजन थांबवायचं कशाला?

या सगळ्या गोंधळात मॅकॅडम रस्ते बघत हिंडत होता. 1798 मध्ये तो इंग्लंडच्या टोकाला, फाल्मथला, आरमाराला अन्नधान्य पुरवण्याच्या सरकारी कामावर आला आणि पुढे ब्रिस्टलला स्थायिक झाला. या वर्षांत त्याने स्वतःच्या खर्चाने हजारो मैल प्रवास केला. जिथे जाईल तिथे रस्ता कसा बांधलाय, कुठे खचलाय, पाणी कुठे मुरतंय हे बघायचं. घरच्यांना हा काय छंद वाटला असेल देव जाणे! पण या पायपिटीतून त्याच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती कायदे करणाऱ्यांच्या विचाराच्या बरोबर उलट होती. रस्त्यासाठी वाहतूक बदलायची नाही, वाहतुकीसाठी रस्ता बांधायचा.

त्याचं म्हणणं साधं होतं. गाडीचं वजन शेवटी पेलते कोण? खडी नाही, खालची माती. माती कोरडी असेल तर ती कितीही गाड्या झेलते, भिजली की हात टेकते. म्हणजे वरच्या खडीचं काम छपराचं. खाली पाणी जाऊ द्यायचं नाही, बस्स! सबग्रेडच्या चॅप्टरमध्ये आपण सीबीआर काढतो, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

1816 मध्ये ब्रिस्टलच्या ट्रस्टने त्याला सर्व्हेअर नेमलं. वय वर्षं 59. ताब्यात सुमारे दीडशे मैल रस्ता. आणि आता जे त्याने केलं ते माझ्या मते या गोष्टीतलं सर्वांत सुंदर वळण आहे. सरकार दोनशे वर्षं गाडीचं वजन करत होतं. मॅकॅडमने दगडाचं वजन करायला सुरुवात केली! रस्त्यावर पडणारा एकही दगड 6 औंसांपेक्षा, म्हणजे साधारण 170 ग्रॅमपेक्षा जड नको, असा त्याचा नियम. त्याचे मुकादम छोटा तराजू जवळ बाळगायचे. मोठा दगड दिसला की परत फोडायचा.

का बरं? दगड चाकाच्या धावेपेक्षा मोठा असेल तर चाक त्याच्या एका कडेवर चढतं, दगड कलतो, निसटतो, खड्डा पडतो. लहान, टोकदार, फोडलेली खडी असेल तर गाड्यांच्या वजनानेच ती एकमेकांत अडकत जाते आणि घट्ट थर होतो. म्हणजे ज्या ओझ्याला सगळे शत्रू समजत होते, त्यालाच त्याने रोलर म्हणून कामाला लावलं. थराची जाडी सुमारे 10 इंच, आणि 30 फूट रुंदीला मध्ये फक्त 3 इंचांचा उंचवटा. खाली मोठमोठ्या दगडांची सोलिंग नको. या मुद्द्यावर त्याचं आणि टेलफर्डचं जमत नसे, कारण टेलफर्ड पायाला मोठे दगड रचायचा.

आणखी एक. खडीच्या फटी भरायला माती वापरायची नाही, यावर तो फार कडक होता. माती पाणी धरते, पाणी गोठलं की फुगतं, रस्ता उकलतो. आता आपला डब्ल्यूबीएम आठवा. खडी, वर बारीक चुरी, मग मुरूम आणि पाणी मारून रोलर. म्हणजे ज्या रस्त्याला आपण त्याचं नाव दिलंय, त्याच्यावर मुरूम टाकताना पाहून मॅकॅडमने मुकादमाला कामावरून काढलं असतं!

पैशाच्या बाबतीतही त्याचा हिशेब लोकांना धक्का देणारा होता. नवा दगड कमीच आणा, असं तो सांगायचा. जुन्या रस्त्यात दगड भरपूर आहे, फक्त चुकीच्या आकाराचा आहे. तो उखडा, फोडा, साफ करून परत पसरा. खडी फोडण्याचं काम बसून, छोट्या हातोड्याने करता येई, त्यामुळे बायका, मुलं, म्हातारी माणसं यांनाही मजुरी मिळू लागली. मुलांनी खडी फोडावी हे आज आपल्याला पटणार नाही, पण त्या काळी अनेक गरीब घरांची चूल त्यावर पेटली. शिवाय रस्त्याचं काम पगारी, शिकलेल्या सर्व्हेअरकडेच द्यावं, गावातल्या कुणा हौशी माणसाकडे नको, हा त्याचा आग्रह होता. स्वतः कमिटी मेंबर म्हणून सुरुवात केलेल्या माणसाने हे म्हणावं, यातच सगळं आलं.

1816 आणि 1819 मध्ये त्याची पुस्तकं आली, पार्लमेंटच्या कमिट्यांपुढे साक्षी झाल्या, ट्रस्टमागून ट्रस्ट त्याला आणि त्याच्या मुलांना बोलावू लागले. टीकाही झाली. हा आणि याचे नातेवाईकच सगळी कामं बळकावतात, अशी कुरकुर होती. पार्लमेंटने त्याच्या खर्चापोटी रक्कम दिली. सर ही पदवी देऊ केली तेव्हा त्याने वयाचं कारण सांगून ती नाकारली. ती 1834 मध्ये त्याच्या मुलाने स्वीकारली. 26 नोव्हेंबर 1836 रोजी स्कॉटलंडमधल्या मॉफट इथे, वयाच्या 80 व्या वर्षी मॅकॅडम गेला. तोवर लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. त्याने सुधारलेल्या रस्त्यांवरची जड मालवाहतूक हळूहळू रुळांवर निघाली होती.

मग मॅकॅडम बरोबर होता का? रस्ता चांगला बांधला की वजनाचा कायदा नकोच? इथे जरा थांबायला हवं. घोड्यांच्या ओढण्याला मर्यादा होती, डिझेल इंजिनाला तशी नाही. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक प्रचंड टेस्ट झाली, आशो रोड टेस्ट. त्यातून निघालेला नियम आपण सगळे शिकतो. रस्त्याचं नुकसान अॅक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, नुकसान सोळापट!

कॅल्क्युलेटर काढा. आपला स्टँडर्ड अॅक्सल 8.16 टनांचा. चार टायरच्या सिंगल अॅक्सलची कायदेशीर मर्यादा 10.2 टन होती, तेव्हा त्याचं नुकसान स्टँडर्डच्या सुमारे 2.4 पट. 2018 मध्ये केंद्र सरकारने ती मर्यादा 11.5 टन केली. आता जवळजवळ 4 पट. वजन वाढलं पावणेतेरा टक्के, नुकसान साठ टक्क्यांहून जास्त. फेऱ्या कमी लागतात, डिझेल वाचतं, हे खरंच आहे. पण मग रस्ताही त्या हिशेबाने जाड हवा, आणि जुना रस्ता जीआर निघाला म्हणून जाड होत नाही.

आणि नाक्यावरची ती जुनी पळवाट? आपल्याकडे काही राज्यांत पैसे भरून जादा माल तसाच पुढे नेण्याची सोय होती. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडू नये असं बजावलं. 1741 चा वजनकाटाच जणू अडीचशे वर्षांनी परत कोर्टात उभा राहिला. दंड भरला म्हणून खालची माती काही कमी दबत नाही.

म्हणून मला वाटतं, मॅकॅडमने आपल्याला एक तराजू दिला, पण दुसरा फेकून द्यायला सांगितलं असं समजण्याचं कारण नाही. ट्रकवाल्याला नावं ठेवण्याआधी खडीचं ग्रेडेशन आणि गटार तपासा, हे त्याने शिकवलं. आणि माती किती पेलते हेही त्यानेच शिकवलं. त्या मातीपेक्षा जास्त ओझं टाकायची परवानगी कुठलाही कायदा देऊ शकत नाही, देतो तो फक्त कागद.

उद्या आपल्यापैकी कुणी साइटवर उभा असेल. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, साहेब, चालतंय की, कोण बघतंय. तेव्हा 59 व्या वर्षी चिखलात उभा राहून दगड तोलायला लावणारा तो हट्टी म्हातारा आठवा. आणि ओरलला मॅकॅडम म्हणजे काय असं विचारलं, तर निदान पंख्याकडे बघू नका!