अंगावर थुंकणाऱ्याचेही आभार मानणारे नाथ महाराज; पोटच्या पोरानं घातलेल्या अटीही मुकाट मान्य केल्या

पैठण : नाथषष्ठी जवळ आली की दिंड्या पैठणची वाट धरतात. वाटेत एक गोष्ट हमखास निघते. एकनाथ महाराज गोदावरीत आंघोळ करून वर आले, की एक जण त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ परत नदीत उतरायचे. असं १०८ वेळा झालं म्हणतात. शेवटी थुंकणाराच थकला अन् पाया पडला. नाथांनी मात्र, तुमच्यामुळं एवढी गोदास्नानं घडली, म्हणून त्याचेच आभार मानले.

एवढा शांतपणा आला कुठून? भागवताच्या ११व्या स्कंधात अवंतीच्या एका कंजूष ब्राह्मणाची कथा आहे. पैसा गेल्यावर तो भिक्षू झाला. लोक त्याला मारत, अंगावर थुंकत. तो कुणालाच दोष देत नाही. सुखदुःखाचं मूळ आपलंच मन, हे ओळखतो. याच स्कंधावर नाथांनी १८ हजारांहून जास्त मराठी ओव्या लिहिल्या.

ग्रंथ मराठीत, म्हणून काशीचे पंडित भडकले. नाथ स्वतः काशीला गेले, भांडण न करता त्यांच्यापुढं ग्रंथ ठेवला. १५७३ मध्ये तो तिथंच पूर्ण झाला.

पण खरा घाव घरातून बसला. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. वडिलांनी मराठीतून पुराण सांगावं, कुणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटेना. रुसून तो काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले. त्यानं दोन अटी घातल्या : परान्न घ्यायचं नाही, मराठी पुराण बंद. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. मग वाड्यात संस्कृत पुराण सुरू झालं, तशी श्रोत्यांची गर्दी ओसरली.

पुढं एका गरीब बाईला हजार ब्राह्मण जेवू घालण्याचा नवस फेडायचा होता. ऐपत नव्हती. एकट्या नाथांना जेवू घाला, असं तिला सुचवलं गेलं. परान्न नको म्हणून स्वयंपाक हरिपंडितानंच केला. जेवणानंतर तो पत्रावळ उचलायला गेला, तर एकीखाली दुसरी, अशा हजार निघाल्या, अशी कथा आहे. हरिपंडिताचा ताठा गळाला अन् नाथांचं मराठी पुराण परत सुरू झालं.

१५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. तीच नाथषष्ठी. पोराला त्यांनी वादात हरवलं नाही. त्याची चूक त्यालाच कळेपर्यंत थांबले.