पदकाची दुसरी बाजू

शिकागो म्हटले की आपल्याला स्वामी विवेकानंद आठवतात आणि ११ सप्टेंबर १८९३ चा तो दिवस आठवतो. ज्या सर्वधर्मपरिषदेत ते बोलले, ती परिषद एका प्रचंड जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही. कोलंबसाने अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले त्याला चारशे वर्षे झाली, म्हणून हा घाट घातलेला. त्या हिशेबाने प्रदर्शन १८९२ सालीच भरायचे. पण तयारी लांबली आणि ते १ मे १८९३ रोजी लोकांना खुले झाले. सहा महिन्यांत तिथे अडीच कोटींहून अधिक प्रवेश नोंदले गेले. तिथे ज्यांच्या वस्तू नावाजल्या गेल्या, त्यांना ब्राँझचे एक पदक देण्यात आले. जुन्या प्रदर्शनांची पदके जमवण्याचा मला नाद आहे, आणि माझ्या पेटीतल्या पदकांत सर्वांत बोलके वाटते ते हे शिकागोचे. त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या माणसांनी केल्या आहेत आणि त्या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नव्हते.

पदक म्हटले की लोकांना सैनिक किंवा खेळाडू आठवतात. प्रदर्शनाच्या पदकांची दुनिया निराळी. १८५१ साली लंडनच्या काचमहालात पहिले मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. मग पॅरिस, व्हिएन्ना, फिलाडेल्फिया अशी रांगच लागली. आपल्याकडे कलकत्त्यातही १८८३-८४ मध्ये असे प्रदर्शन झाले. इंजिन, शिवणयंत्र, चहा, साबण, चित्र, कशालाही पदक मिळू शके. जुन्या बिस्किटांच्या डब्यांवर आणि औषधांच्या बाटल्यांवर गोल गोल छाप ओळीने दिसतात ना, ते याच पदकांचे. मिळवणाऱ्यांनी ती मिरवली, घडवणाऱ्यांची नावे मात्र बहुतेक विसरली गेली. शिकागोच्या पदकाचे तसे झाले नाही. त्याची पुढची बाजू घडवणारा होता ऑगस्टस सेंट-गॉडन्स, अमेरिकेच्या शिल्पकलेतले एक फार मोठे नाव.

त्याचा जन्म १ मार्च १८४८ चा, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. वडील फ्रेंच, धंद्याने चांभार, आई आयरिश. बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. ऑगस्टस सहा महिन्यांचा असताना घरच्यांनी त्याला कडेवर घेऊन अमेरिकेचे गलबत गाठले. न्यूयॉर्कमध्ये वडिलांनी जोड्यांचे दुकान थाटले. मुलाचा हात चित्रात चालतो हे त्यांनी हेरले होते, पण चित्राने पोट भरते थोडेच? म्हणून तेराव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि तो कॅमिओ कोरणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला लागला.

कॅमिओ म्हणजे दोन रंगांचे थर असलेल्या दगडात किंवा शिंपल्यात कोरलेला मुखवटा. वरचा थर कोरून चेहरा उभा करायचा आणि खालचा गडद थर मागे ठेवायचा. थराची जाडी ती किती! तेवढ्यात नाक पुढे यायला हवे, कान मागे जायला हवा, आणि गालाची गोलाई भासली पाहिजे. पदक घडवणाऱ्याला यापेक्षा चांगली शाळा मिळणार नाही. मालक मात्र तापट. जेवणानंतर जमिनीवर सांडलेला चुरा झाडला नाही, एवढ्यावरून त्याने पोराला कामावरून काढले. मग राग शांत झाल्यावर पगार वाढवून देतो म्हणून घरी बोलवायला आला. पोराने साफ नकार दिला. हा करारी स्वभाव पुढे जन्मभर टिकला.

दिवसा दुसऱ्या कारागिराकडे काम आणि रात्री चित्रकलेचे वर्ग असे करत १८६७ साली तो पॅरिसला पोहोचला. त्याच वर्षी तिथेही जागतिक प्रदर्शन भरले होते. प्रसिद्ध कलाशाळेत त्याला प्रवेश मिळाला, पण खर्च चालवायला फावल्या वेळात कॅमिओ कोरणे सुटले नाही. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, तेव्हा तो रोमला गेला. तिथे त्याला ऑगस्टा होमर ही चित्रकला शिकायला आलेली अमेरिकन मुलगी भेटली. तिला ऐकू कमी येई. १८७७ मध्ये दोघांचे लग्न झाले. चांभाराच्या मुलाला मुलगी द्यायची तर हाती काहीतरी मोठे काम हवे. ते न्यूयॉर्कमधल्या अॅडमिरल फॅरागट यांच्या पुतळ्याच्या रूपाने मिळाले. १८८१ मध्ये हा पुतळा उभा राहिला आणि सेंट-गॉडन्सचे नाव सर्वतोमुखी झाले.

पुढची वीस वर्षे त्याच्या कीर्तीची. १८८७ मध्ये शिकागोत त्याचा लिंकन उभा राहिला. खुर्चीतून उठून, मान किंचित झुकवून बोलायच्या बेतात असलेला. हेन्री अॅडम्स या इतिहासकाराने दिवंगत पत्नीच्या समाधीसाठी त्याच्याकडून एक आकृती करून घेतली. अॅडम्स जपानहून बुद्धमूर्ती पाहून आला होता आणि ती शांती त्याला दगडाधातूत हवी होती. वॉशिंग्टनमधल्या त्या समाधीवर आजही नाव नाही, गाव नाही. फक्त चादर ओढून बसलेली एक मूर्ती आहे. बॉस्टनमधले कर्नल शॉ आणि त्यांच्या कृष्णवर्णी पलटणीचे स्मारक तर त्याने १८८४ मध्ये हाती घेतले आणि ते १८९७ मध्ये पुरे झाले. एकेका सैनिकाच्या चेहऱ्यासाठी त्याने कृष्णवर्णी माणसांना समोर बसवून डोकी घडवली. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही.

असा माणूस शिकागोच्या प्रदर्शनाचा शिल्पकलेतला सल्लागार होणे स्वाभाविकच होते. कुणाकडे कोणते काम द्यावे हे तो सुचवत असे. कोलंबसाचा पुतळा त्याच्या देखरेखीखाली मेरी लॉरेन्स या त्याच्या शिष्येने केला. न्यूयॉर्कच्या एका मनोऱ्यासाठी त्याने केलेली अठरा फुटी डायना तिथे फारच मोठी दिसली, म्हणून ती शिकागोला आणून शेतकी विभागाच्या इमारतीच्या माथ्यावर बसवली गेली. ही डायना संपूर्ण विवस्त्र होती, हे ध्यानात ठेवावे.

आता पदकाकडे वळू. त्याचा व्यास सुमारे तीन इंच. पुढच्या बाजूला कोलंबस किनाऱ्यावर पाय टाकतो आहे. हात पसरलेले, चेहरा आभाळाकडे, मागून साथीदार चढून येत आहेत. एवढ्याशा धातूत ओल्या वाळूवर पडलेल्या पावलाचा भार जाणवतो. मागच्या बाजूसाठी सेंट-गॉडन्सने एक तरुण घडवला होता. तो अमेरिकेच्या आत्म्याचे प्रतीक. ग्रीक शिल्पातल्या तरुणांसारखाच वस्त्रहीन. १८९४ च्या सुरुवातीला या आकृतीचे एक ओबडधोबड रेखाटन बाहेर फुटले आणि एका कारखान्याच्या जाहिरातीत झळकले. झाले! अमेरिकेच्या सिनेटमध्ये सभ्यतेचा प्रश्न उभा राहिला. सेंट-गॉडन्सने आकृतीत फेरफार करून पाहिले, तेही पसंत पडले नाहीत. छतावर अठरा फुटांची देवता चालली. तीन इंचांच्या पदकावरचा मुलगा चालला नाही.

शेवटी मागची बाजू चार्ल्स बार्बर याच्याकडे सोपवली गेली. हा फिलाडेल्फियाच्या सरकारी टांकसाळीचा मुख्य खोदकाम करणारा. १८९१ मध्ये नव्या नाण्यांच्या आराखड्यांची स्पर्धा झाली, तेव्हा दोघे परीक्षक म्हणून एकत्र बसले होते आणि तेव्हापासूनच बिनसले होते. बार्बरने पृथ्वीचा गोल, पंखवाल्या दोन स्त्रिया, मशाली आणि मजकुराची ढाल असे सगळे नीटनेटके मांडले. हात कसबी होता, पण त्यात जीव नव्हता. सेंट-गॉडन्सचा विरोध असतानाच दोन बाजू एका धातूत जुळवल्या गेल्या. विजेत्यांच्या हाती पदके पडली ती १८९६ मध्ये, अॅल्युमिनियमच्या डबीतून. अॅल्युमिनियम तेव्हा नवलाईची धातू होती.

आपल्यासाठी यात आणखी एक धागा आहे. राजा रविवर्मा यांनी या प्रदर्शनासाठी दहा चित्रे पाठवली होती आणि त्यांना पुरस्कार मिळाला. त्यांना शिकागोत सुवर्णपदके मिळाली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात तिथे सोने, रुपे अशी प्रतवारीच नव्हती. सर्वांना एकच ब्राँझचे पदक. म्हणजे आपल्या चित्रकाराच्या वाट्याला आला तो सेंट-गॉडन्सचाच कोलंबस. दोघेही १८४८ मध्ये जन्मलेले, अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने. रविवर्मा गेले १९०६ मध्ये, सेंट-गॉडन्स १९०७ मध्ये.

जाण्याआधी सेंट-गॉडन्सच्या हातून आणखी एक मोठे काम व्हायचे होते. १९०० मध्ये त्याला पॅरिसच्या प्रदर्शनात सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी कर्करोगाचे निदान झाले. न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निश गावी तो कायमचा राहायला गेला. १९०४ मध्ये तिथल्या कार्यशाळेला आग लागून पुष्कळ काम जळाले. अशा वेळी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला गळ घातली. प्राचीन ग्रीकांच्या नाण्यांसारखी देखणी नाणी अमेरिकेला हवीत, असा त्यांचा ध्यास होता. ज्या टांकसाळीने एकदा हात पोळले, तिच्याच वाटेला पुन्हा जायचे! तरीही त्याने होकार दिला. वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्यावर त्याने मशाल घेऊन चालत येणारी स्वातंत्र्यदेवता घडवली. उठाव इतका खोल की पहिल्या नमुन्यांवर दाबयंत्राचे नऊ नऊ घाव घालावे लागले. अशी नाणी रोजच्या व्यवहारात चालणार नाहीत, असे बार्बरचे म्हणणे, आणि व्यवहारापुरते ते खोटेही नव्हते. वाद चालूच राहिला आणि ३ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट-गॉडन्स गेला. नाणे बाहेर पडलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. पुढे बार्बरने उठाव कमी करून ते चलनात आणले आणि १९३३ पर्यंत ते पाडले गेले.

हा छंद नव्याने लागलेल्यांना एकच सांगणे. जुन्या ब्राँझवर काळाने जो तपकिरी थर चढवलेला असतो, तो मळ नव्हे. एका विक्रेत्याने चिंच आणि मीठ लावून घासलेली पदके मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे मांडली होती. ती पितळी तांब्यासारखी लखलखत होती आणि त्यांतली अर्धी कारागिरी निघून गेली होती. पदक कडेने धरावे, मऊ कापडात ठेवावे, त्याची मूळ डबी टाकू नये. शिकागोच्या पदकावर विजेत्याचे नाव मागच्या बाजूला एका चौकटीत असते. तेही वाचावे, कारण त्या नावामागे कुणाची तरी वर्षांची मेहनत असते.

आणि पदक हाती आले की दोन्ही बाजू पाहाव्यात. एका बाजूला कलावंताने मनापासून केलेले काम दिसते, दुसऱ्या बाजूला समितीला जे खपले ते. तो नाकारलेला तरुण पदकावर कधीच आला नाही. पण टांकसाळीतून बाहेर पडलेली ती मशालवाली देवता १९८६ पासून अमेरिकेच्या सोन्याच्या नाण्यांवर पुन्हा चालते आहे. आकृती गाळणारी सभा केव्हाच उठून गेली. चांभाराच्या मुलाचा हात मात्र अजून धातूत जिवंत आहे.